सीपीयू विकू की भंगारात घालू?

प्रश्न : मी साताऱ्यात राहतो, वय ४४. २०१२च्या दिवाळीच्या आधी रात्रीच्या एसटीने मुंबईला जाऊन, लॅमिंग्टन रोडवर दिवसभर हिंडून एकेक पार्ट घेतला आणि घरी येऊन स्वतः कॉम्प्युटर जोडला. आय५-३४७० प्रोसेसर, बी७५ मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, जीटीएक्स ६५० ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर धरून बिल ४३ हजार. विंडोज ७ आहे. गेली दोन वर्षं तो माळ्यावर पडून होता. आता घराला रंग काढलाय म्हणून खाली उतरवला. सुरू केला तर पंखा फिरतो, बीप-बीप वाजतं, पण स्क्रीन काळीच. भंगारवाला सगळ्याचे ४०० म्हणतो. पोवई नाक्याजवळचा रिपेअरवाला म्हणतो, स्क्रीनवर डिस्प्ले आणून दाखवा, मॉनिटर सोडून २,५०० देतो. भाचा म्हणतो, मामा, ऑनलाइन टाका, १५ हजार कुठे नाही गेले. बायको म्हणते, रविवारपर्यंत काय ते करा. मला मात्र हात धजत नाही. माझे वडील शेवटची तीन वर्षं याच कॉम्प्युटरवर गावच्या देवस्थानाची माहिती टाइप करत होते. ते २०१६ला गेले. विकू, भंगारात घालू, की ठेवून देऊ?

उत्तर : तुमच्या पत्रात तीन भाव आहेत आणि चौथा तुम्ही भाव म्हणून लिहिलेला नाही, पण तो मला दिसतोय. तो म्हणजे ४३ हजारांचं बिल. तुम्ही ते अजून जपून ठेवलं असणार, बहुतेक कॅबिनेटच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातच. ते आधी बाजूला ठेवा. त्या बिलात तेव्हाचा आणखी एक भुर्दंड लपलेला आहे. २०११च्या ऑक्टोबरात थायलंडमध्ये मोठा पूर आला, वेस्टर्न डिजिटलसारख्या कंपन्यांच्या कारखान्यांत पाणी शिरलं आणि जगभर हार्ड डिस्कचे भाव चढले. वर्षभरानंतरही ते पुरते खाली आले नव्हते. म्हणजे तुम्ही थायलंडच्या पुराचेही थोडे पैसे भरलेत. ते आता भाच्याच्या ऑनलाइन गिऱ्हाइकाकडून वसूल होणार नाहीत.

पण भंगारवाल्याचे ४०० आणि रिपेअरवाल्याचे २,५०० यांच्यात जो फरक आहे, तो नीट बघा. दोघंही प्रामाणिक आहेत. फरक आहे तो फक्त डिस्प्लेचा. स्क्रीनवर अक्षरं उमटली तर तो कॉम्प्युटर, नाही उमटली तर पत्र्याचा डबा. म्हणून काय करायचं ते ठरवण्याआधी रविवारी सकाळी अर्धा तास काढा आणि मुलाच्या कंपासमधला खोडरबर घ्या.

चेष्टा नाही करत. पंखा फिरतोय, बीप वाजतंय, याचा अर्थ बोर्ड मेलेला नाही, तो तक्रार करतोय. दोन वर्षं माळ्यावर दोन पावसाळे काढलेल्या मशीनची तक्रार दहातल्या आठ वेळा रॅमची असते. वायर भिंतीतून काढा. मग पॉवरचं बटण दोन-चार वेळा दाबा, म्हणजे आत राहिलेली वीज उतरेल. बाजूचा पत्रा उघडा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून घ्या. रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकलल्या की पट्टी वर येते. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दात दिसतील, त्यांच्यावर बहुधा काळपट झाक आली असेल. खोडरबर हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवा. दोन्ही बाजूंनी. भुगा कोरड्या कापडाने पुसा, स्लॉटमध्ये तो पडू देऊ नका. मग दोन पट्ट्या असतील तर एकच लावा, दोन्ही खिट्ट्यांचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. नाही जमलं तर दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा.

हे करतानाच ग्राफिक्स कार्डही काढून ठेवा आणि मॉनिटरची वायर थेट बोर्डाच्या मागच्या पोर्टला जोडा. तुमच्या आय५-३४७०मध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे, त्याला कार्डाची गरजच नाही. निम्म्या वेळा लोक वायर चुकीच्या भोकात घालून बसतात आणि कॉम्प्युटर मेला म्हणतात. बोर्डावर नाण्यासारखा एक चपटा सेल दिसेल, सीआर२०३२. तोही बदला, किराणा दुकानातसुद्धा मिळतो. तो संपलेला असला की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझर एकही साइट धड उघडत नाही. मग पुन्हा कॉम्प्युटर मेला!

एक गोष्ट मात्र करू नका. एसएमपीएसचा, म्हणजे आतल्या पार्टांना वीज पुरवणारा डबा उघडू नका. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज राहू शकते. बाहेरून ब्रशने धूळ काढा, तेवढं पुरे. बोर्डावरचे उभे नळकांड्यांसारखे कपॅसिटर मात्र निरखून बघा. त्यांची टोपी सपाट हवी. फुगलेली किंवा वर तपकिरी डाग आलेली दिसली तर त्या बोर्डावर आणखी खर्च नको.

समजा डिस्प्ले आला. लगेच रिपेअरवाल्याला फोन करू नका. या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तुम्ही अगदी शेवटाकडे लिहिलाय, वडिलांच्या टायपिंगचा. त्यासाठी हे मशीन अजून दोन-चार दिवस चालायला हवं.

२०१३ ते २०१६ या काळात घरी मराठी टाइप करणारी साठीच्या पुढची माणसं बहुतेक करून युनिकोडमध्ये, म्हणजे आज मोबाइलवर मराठी चालतं त्या पद्धतीत, टाइप करत नव्हती. त्यांच्याकडे श्रीलिपी हा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम असायचा, नाहीतर शिवाजी०१, किरण असे फॉन्ट. या फॉन्टांची गंमत अशी, की फाइलीत खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा मुखवटा चढवतो. तुम्ही फाइल पेन ड्राइव्हवर घेतली, कॉम्प्युटर विकला, आणि दोन वर्षांनी नव्या लॅपटॉपवर उघडली, की वडिलांच्या देवस्थानाच्या इतिहासाच्या जागी कंसांचा, टिंबांचा आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल. फाइल शाबूत, पण वाचता येणार नाही. असे हताश झालेले लोक मी पाहिलेत. ‘सगळं कॉपी केलं होतं हो’ असंच सांगतात.

म्हणून याच मशीनवर, जिथे ते फॉन्ट अजून आहेत, प्रत्येक फाइल उघडा आणि तिथल्या तिथे तिची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार फाइलीबरोबरच बांधले जातात, ती कुठेही तशीच दिसते. त्यासाठीची सोय वर्डमध्येच आहे, २०१० किंवा त्यानंतरचं असेल तर. पानं जुळवायच्या पेजमेकर प्रोग्रॅमच्या फाइली असतील तर पीडीएफ प्रिंटर नावाचा छोटा प्रोग्रॅम टाकावा लागेल. मूळ फाइलीही ठेवा आणि कंट्रोल पॅनलच्या फॉन्ट फोल्डरमधले ते फॉन्टही त्यांच्या शेजारी कॉपी करून ठेवा. पुढे कधी मजकूर पुस्तकासाठी वापरायचा झाला तर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. जोडाक्षरांत आणि रफारांत ते गडबड करतात, म्हणून तपासायला मूळ पान समोर असलेलं बरं. श्रीलिपीचं डोंगल, म्हणजे पेन ड्राइव्हसारखी किल्ली, कॉम्प्युटरच्या मागे खुपसलेलं असेल तर तेही काढून त्याच डब्यात ठेवा. त्या डोंगलशिवाय प्रोग्रॅम चालणार नाही, आणि खरेदी करणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

फायली दोन ठिकाणी ठेवा, एक पेन ड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या कुठेतरी. जमलं तर एक प्रत छापून काढा. गावच्या देवस्थानाची माहिती आहे, ती गावातही असायला हवी.

आता हार्ड डिस्क. ती विकायची नाही. तेरा-चौदा वर्षं जुन्या डिस्कला बाजारात किंमत नाही, कारण समजदार माणूस ती घेतच नाही. पण तुमच्या दृष्टीने ती सगळ्यात महाग वस्तू आहे. आधारची, पॅनची स्कॅन, सातबारा, ब्राउझरने लक्षात ठेवलेले बँकेचे पासवर्ड, जुने फोटो. फॉरमॅट मारला म्हणजे सगळं गेलं, हा आपल्याकडचा सर्वांत टिकाऊ गैरसमज आहे. क्विक फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं तिथेच असतात आणि ती परत काढून देणारे फुकटचे प्रोग्रॅम मिळतात. मी स्वतः २००९ साली एक डिस्क फॉरमॅट मारून कुणाला तरी दिली होती. आठवड्याने त्याचा फोन आला, ‘दादा, तुमच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो आलेत, पाठवू का?’ माणूस चांगला होता म्हणून निभावलं.

रिपेअरवाला डिस्कशिवाय घ्यायला तयार नसेल तर ती पूर्ण पुसून द्या. विंडोजमध्ये डिस्कपार्ट नावाची सोय आहे, तिथे ‘क्लीन ऑल’ ही आज्ञा डिस्कच्या प्रत्येक कप्प्यात शून्य भरते. १ टीबीच्या जुन्या डिस्कला तीनेक तास लागतात. ज्या डिस्कवर विंडोज चालू आहे ती अशी पुसता येत नाही, त्यामुळे डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडावी लागेल. तिथे डिस्कचा नंबर निवडताना दोनदा बघा, नाहीतर चालू कॉम्प्युटरच कोरा व्हायचा. खरं सांगायचं तर माझा सल्ला सोपा आहे. डिस्क काढा, वर तारीख लिहा, कपाटात ठेवा. पुढे नको झाली की ड्रिलने आरपार दोन-तीन भोकं पाडा आणि मग ई-कचऱ्यात द्या.

आता उरलेलं. तुम्हाला वाटतंय की तुम्ही ‘एक कॉम्प्युटर’ विकताय. असेंबल केलेल्या मशीनचं तसं नसतं. कंपनीचा डबा एक वस्तू असतो, तुमचा सहा-सात वस्तूंचा आहे आणि प्रत्येकीचं म्हातारपण वेगळं. आधी ग्राफिक्स कार्ड. २०१२ला तुम्हाला त्याचाच जास्त अभिमान असणार. आज गेम खेळणारा मुलगा त्याच्याकडे बघणारही नाही. ते ज्या केप्लर पिढीचं आहे, तिला गेमसाठीचे नवे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे प्रोग्रॅम, देणं एनव्हिडिया कंपनीने २०२१मध्येच बंद केलं. आलेच तर काहीशे रुपये येतील, नाही आले तर वाईट वाटून घेऊ नका.

प्रोसेसर मात्र जवळजवळ अमर असतो. तुमचा ३४७० आणखी दहा वर्षं चालेल. मरतो तो बोर्ड. म्हणूनच जुन्या पिढीत प्रोसेसर ढिगाने मिळतात आणि त्यांना बसणारा चालू बोर्ड शोधावा लागतो. याचा फायदा घ्या, बोर्ड आणि प्रोसेसर सुटे विकू नका. बोर्ड, प्रोसेसर, रॅम असं एकत्र, बाजारात ज्याला ‘कॉम्बो’ म्हणतात, तसंच द्या. तुमची रॅम डीडीआर३ आहे, नव्या बोर्डांवर ती बसतच नाही, पण जुन्या बोर्डासोबत तिला मोल आहे.

तरीही १५ हजार का येणार नाहीत? भाच्याने जाहिरातींतले भाव बघितलेत, विकले गेलेले भाव नाहीत. दुसरं म्हणजे तुमची स्पर्धा तुमच्यासारख्या माणसांशी नाहीच. मोठी ऑफिसं दर चार-पाच वर्षांनी शेकड्याने डेल आणि एचपीचे डबे काढून टाकतात, आणि तेच पुसून-झाडून लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत रिफर्बिश्ड म्हणून वॉरंटीसह विकले जातात. त्यांतले कित्येक तुमच्यापेक्षा एक-दोन पिढ्या नवे. गिऱ्हाईक घरगुती जोडलेला, वॉरंटी नसलेला डबा त्यांच्यापेक्षा स्वस्तातच मागणार. (जाता जाता : लॅमिंग्टन रोडचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पाटी तीच आहे, पण त्या नावाने टॅक्सीवाल्याला विचारून बघा.)

विंडोजचीही अडचण आहे. ३४७० या आकड्यातला पहिला ३ म्हणजे इंटेलची तिसरी पिढी. विंडोज ११ला अधिकृतपणे आठवी किंवा त्यापुढची लागते. विंडोज ७चे अपडेट जानेवारी २०२०मध्ये थांबले आणि विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणजे घेणाऱ्याला यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकावं लागेल नाहीतर पळवाटा शोधाव्या लागतील. तुमच्या विंडोज ७च्या लायसन्सचा उल्लेख पत्रात नाही, आणि मीही विचारत नाही.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर रिपेअरवाल्याचे २,५०० मला रास्त वाटतात. डिस्क काढून घेताय म्हटल्यावर तो दोन-तीनशे कमी करेल, करू द्या. ऑनलाइन टाकायचाच असेल तर टाका, पण ‘मी सैन्यात आहे, आत्ता पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका’ असा फोन आला तर तिथेच कट करा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. घेणाऱ्याला घरी किंवा दुकानात बोलवा, समोर चालू करून दाखवा, पैसे मिळाल्याची खात्री झाली की मगच वस्तू द्या. कोणत्या तारखेला कोणाला काय दिलं, एवढं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

विकण्याआधी एकदा आजूबाजूला बघा, एवढंच म्हणेन. शेजारीपाजारी कुणी क्लार्क-टायपिस्टची तयारी करतंय का? मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांच्या टायपिंगला हात बसवायला नवा लॅपटॉप लागत नाही. उलट सुटा, दणकट कीबोर्ड असलेला डेस्कटॉपच बरा. त्याला हार्ड डिस्कच्या जागी छोटी, नवी एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली जलद डिस्क, घाला. बी७५ बोर्डावर साटाचा, म्हणजे डिस्क जोडायचा, एकच पोर्ट जलद असतो, बहुतेक वेळा त्याचा रंग इतरांपेक्षा वेगळा असतो, त्यातच एसएसडीची वायर लावा. वर लिनक्स मिंट टाका, ते फुकट आहे. मशीन पाच वर्षांपूर्वी होतं त्यापेक्षा चपळ चालेल. एसएसडीचे पैसे त्यांच्याकडून घ्या, बाकीचं तुमच्या मनावर.

‘ठेवून देऊ’ हा तिसरा पर्याय तुम्ही विचारलाय. मित्रमंडळी सांगतील की त्याचा घरगुती सर्व्हर करा, फोटो साठवा, चोवीस तास चालू ठेवा. मला ते पटत नाही. नुसता बसून राहिला तरी असा जुना डबा पन्नासेक वॅट खातो असं धरा. दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६. वर्षभराच्या बिलात तुमच्या २,५०० रुपयांहून जास्त जातील, आणि हे सगळं वयस्कर एसएमपीएसच्या भरवशावर. माळ्यावर परत ठेवायचा तर त्याहून विकलेला बरा. दोन पावसाळ्यांनी रॅमला काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे, चार पावसाळ्यांनी बोर्डाचं होईल, आणि मग खरोखर ४०० रुपयेच येतील.

आणि समजा खोडरबर फिरवूनही डिस्प्ले आला नाही. एकदा रिपेअरवाल्याकडे नेऊन त्याच्याजवळची चांगली रॅम लावून बघायला सांगा. तरी नाही आला तर बोर्ड गेला. प्रोसेसर आणि रॅम त्यालाच विका, तो आनंदाने घेईल. वडिलांच्या फाइली डिस्कमध्ये सुखरूप आहेत, डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून त्या निघतील, फॉन्टसुद्धा. फक्त पीडीएफ करण्याआधी ते फॉन्ट त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसवून घ्या.

मेलेला बोर्ड आणि एसएमपीएस भंगारवाल्याला देऊ नका. त्याचा दोष नाही, पण बोर्ड त्याच्याकडून पुढे जातात, हातोहात उत्तरेकडे दिल्लीतल्या सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादपर्यंत. तिथे वर्षानुवर्षं तांब्यासाठी वायरी जाळल्या गेल्यात आणि सोन्यासाठी बोर्ड ॲसिडमध्ये बुडवले गेलेत, उघड्या हातांनी. ज्या सोनेरी दातांवर तुम्ही खोडरबर फिरवणार, तेवढ्याशा मुलाम्यासाठी. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे वस्तू बनवणाऱ्या कंपनीवर ती परत जिरवायची जबाबदारी आहे. कंपनीचा कॉम्प्युटर असेल तर कंपनीला फोन करता येतो, पण तुमच्या डब्यात सहा-सात कंपन्या आहेत, कोणाला करणार? त्यापेक्षा नोंदणीकृत रिसायकलर गाठा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे त्यांची राज्यवार यादी असते. पुण्याला जाणं-येणं असेल तर तिथली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था ई-कचरा गोळा करते. पैसे फारसे मिळणार नाहीत. कॅबिनेटचा नुसता पत्रा मात्र खुशाल भंगारवाल्याला द्या, ते त्याचंच काम.

मॉनिटर विकू नका. तो चालू असेल तर मुलाच्या लॅपटॉपला दुसरा स्क्रीन म्हणून जोडा, पोर्ट जुळत नसेल तर छोटा कन्व्हर्टर मिळतो.